बाबांचं वेटोळं

बाबा गोंदियात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोन हजार सालानंतर केव्हातरी त्यांचा उजवा हात कापायला लागला. ब्रश टेकवला की अक्षर फिसकटायचं. चहा ओठांपर्यंत जाईस्तोवर अर्धा सदऱ्यावर.

मी त्यांना बाजारातल्या एका डॉक्टरकडे नेलं. बाबा हात मांडीवर ठेवून बसले. तसा ठेवला की हात कापत नसे.

"कब से पीते हो?" डॉक्टरनं विचारलं.

"मी पेत नाही साहेब. कधीच नाही."

"सब यही बोलते हैं."

आमच्या बौद्ध घरात पंचशील, म्हणजे त्यातलं दारू न पिण्याचं शीलही, नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. "त्यांच्या हातात पाण्याचा गिलास तरी देऊन पाहा," मी ओरडले. त्यानं घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. बाहेर बाकावरच्या लोकांनी सगळं ऐकलं होतं. पेंटर पिऊन राहिला, असं बाजारभर झालं. कामं तुटली. बाबा घरातच बसू लागले.

त्यांना नागपूरला न्यायला मला फार उशीर झाला, कारण ते दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात पुढे धरायला लावला, बोट नाकाला लावायला लावलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. थरथर किती, ते पाहून दरवेळी आकडा लिहिला. मग कागदावर वेटोळं काढायला सांगितलं. रेघ करवतीच्या दातांसारखी उमटली. बाबा संतापले.

"दुसरा कागद द्या. मी पेंटर आहो!"

"मला हेच हवंय, काका. हात किती कापतो ते यावरूनच कळतं." मग त्यांनी विचारलं, "थोडी दारू घेतल्यावर थरथर कमी होते का?"

माझं डोकं भडकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, हात कापण्याच्या या आजारात काहींना तसा फरक पडतो, म्हणून विचारावं लागतं.

"मले काय माहीत बाई? मी पेतच नाही," बाबा म्हणाले.

"बरं," म्हणून त्यांनी लिहून घेतलं. एवढंच. इतकं सोपं होतं ते!

गोळ्यांनी थरथर कमी झाली. चहा सांडेनासा झाला. बारीक अक्षरं मात्र परत आली नाहीत. मी बाजारातल्या डॉक्टरकडे जाऊन आजाराचं नाव सांगितलं. "अब आराम है ना?" म्हणत तो मोबाईल बघू लागला.

एकदा पानठेल्यावर कुणीतरी बाबांचा हात कमी कापताना बघून म्हणालं, "बरं झालं, पेंटरनं सोडली."

मी त्याच्या अंगावरच गेले. बाबांनी माझं मनगट धरून ओढलं. "कायले भांडून राहिली? चल घरी."

पण त्यांचा आवाज कापत होता, आणि तो आजारानं नव्हे.