पिशांचं शिक्षण

आमच्या पडवीत किस्से जमवावे लागत नाहीत; पावसाळ्यात पायरीवर शेवाळ धरतं तसे आपोआप धरतात. त्यात घरातली पोरगी सायकॉलॉजी शिकायला लागली की मग खरवडूनही संपत नाहीत.

ही पोरगी म्हणजे माझी नात सायली. आमच्या सर्वण गावातून म्हापशाला कॉलेजात जाते, बीएला. मी शाळेची पायरी चढलेली नाही. पाव ज्या कागदात गुंडाळून यायचा त्यावर अक्षरं शिकले. पण सायली रोज जेवताना आपला धडा मराठीत सांगते आणि मी तिला अडवते. तेव्हा हा विषय मला कोणी समजावू नये.

तिचा बाप, माझा मुलगा रत्नाकर, ट्रक चालवतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आये, ह्या पिशांचा शिक्षण. वेड्यांचा. एक वरस बघतंय, मगे देवाक कौल लावया. देव नको म्हणालो तर कॉलेज बंद आणि लगीन."

देवाचं नाव निघालं, मी तरी काय बोलणार? बोलले तरीही. ते छापण्यासारखं नाही.

*

सायलीला परीक्षेसाठी माणसं लागायची, प्रयोग करायला. पहिली सापडली शेजारची शेवंती. सायलीने दहा शब्द वाचून दाखवले: नदी, खुर्ची, दिवा, असले. आणि आठवतील तेवढे सांगायला लावले.

शेवंतीने बारा सांगितले.

"मावशे, कांदे आणि कोळंबी मी म्हटलंच नव्हतं."

"माझ्याकडून घे गो. मार्क कमी पडूक नयेत."

*

मग माझी जाऊ रुक्मिण बसली. सायली एक शब्द म्हणणार, हिने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा.

"पाऊस." "छत्री."
"नारळ." "सोलकढी."
"नवरा."

रुक्मिणने मान वळवून दाराकडे बघितलं.

"धाकटे आजी, लगेच सांगायचं असतं."

"सांगतंय. आधी तो भायर गेलो काय बघ."

*

वर्ष संपायच्या आतच रत्नाकरने पेडण्याहून एक स्थळ बोलावलं. मुलाची आई खुर्चीवर बसली ती तोंड भिंतीकडे करून. पदर पार हनुवटीपर्यंत.

मी विचारलं, "बाये, मान धरली काय?"

ती हळूच म्हणाली, "तसा नाय ओ. पोरगी मनातला वळखता म्हणतत. घरातल्या दोन गोष्टी आसत, त्या कशाक कळूक व्हयात?"

"मग चहा पिऊ नको," मी म्हटलं. "ती कपावरूनसुद्धा ओळखते."

भरलेला कप तसाच ठेवून मंडळी उठली. रत्नाकर दोन दिवस रागाने ट्रकातच जेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सोमवारी देवळात."

*

सोमवारी सायलीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. देवळात भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं: पोरीने पुढे शिकावं?

उजवी पडली.

रत्नाकर म्हणाला, "घंटा वाजत होती. देवाक नीट आयकूक इला नसात."

पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवी.

"पाकळी सुकी होती, भटजीनूं."

मग त्याने प्रश्नच फिरवला: पोरीने शिक्षण सोडावं? आणि डावी पडली. भटजींनी पंच्याने हात पुसले.

"रत्नाकरा, तू देवाक विचारतंस काय देवाक पटवतंस?"

माझ्या मागे उभी असलेली सायली हळूच म्हणाली, "बाबा, आपल्याला हवं तेच उत्तर येईपर्यंत माणूस विचारत राहतो ना, त्याला आमच्या सायकॉलॉजीत नाव आहे."

रत्नाकर वळला. "काय नाव?"

"ते दुसऱ्या वर्षाला आहे."