पहिलं पिल्लू देवाचं

फुलसावंगीचा देवीलाल आपे रिक्षा चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गायचा. भक्तीत तसूभर कमी नव्हता. फक्त देवाला काही द्यायची वेळ आली की त्याला नेमकं बाहेर काहीतरी काम आठवायचं.

बायको विमलताई उलट्या धाटणीची. घरात जे पहिलं येईल ते देवाचं, हा तिचा कायदा. तुरीच्या पहिल्या शेंगा, कोंबडीचं पहिलं अंडं, वेलावरचा पहिला भोपळा, सगळं कापणीच्या सणाला वेदीपुढं जायचं आणि मग चर्चच्या अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. एकदा देवीलालनं आपल्याच वेलाचा भोपळा लिलावात बोली लावून परत आणला, तर बाईनं त्याची भाजी करून पाळकांच्या घरी पाठवली.

शेळी पहिल्यांदा व्याली तेव्हा विमलताई माहेरी होती. जुळे बोकड झाले. आधी आला तो गुबगुबीत, मागून आला तो नुसता कानांचा. तेव्हा लेकीला, दीपाला, स्थळं येत होती. देवीलालला गुबगुबीत पिल्लात साखरपुड्याचं मटण दिसायला लागलं.

विमलताईनं आल्या आल्या दारातच विचारलं, "पयला कोणता?"

"हा बारका. मीच तं होतो तिथं."

तिनं नवऱ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बारक्याच्या गळ्यात देवाच्या नावाचा लाल दोरा बांधला.

पुढं उमरखेडच्या ऋतिकशी दीपाचं जमलं. साखरपुडा कापणीच्या सणानंतरच्या आठवड्यात ठरला. ऋतिकचे वडील गोविंदा म्हणजे खाण्यापिण्याचा आणि मानपानाचा माणूस. देवीलालनं त्याला दहादा सांगितलं, "व्याही, असा बोकड तुमी उमरखेडात पाह्यला नसन!"

सणाच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "यंदा अर्पणाची प्रार्थना देवीलालभाऊ करतील."

देवीलाल ऐटीत उठला. वेदीपुढं कापूस, ज्वारीची कणसं, भोपळे, आणि दोरावाला बारका.

"हे प्रभू," त्यानं सुरुवात केली, "आमचं जे पयलं..."

पुढं गाडी सरकेना. सगळ्या मंडळीचे डोळे मिटलेले, उघडे फक्त बोकडाचे, आणि ते देवीलालवर रोखलेले. बायकोला थाप मारणं सोपं, त्यात त्याचा हात बसलेला होता. पण हे वरच्याला, त्याच्याच घरात, त्याच्या तोंडावर सांगायचं? बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला.

"आलोच," तो म्हणाला आणि पळत सुटला. काहींनी सवयीनं "आमेन" म्हणून टाकलं.

आपेत घालून त्यानं गुबगुबीत बोकड आणला आणि वेदीपुढं उभा केला. "पयला हा व्हय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी खोटं बोललतो."

लिलावात महागावचा एक माणूस बोकड घेऊन गेला. देवीलालचा जीव तुटला, पण तोंडातून बोली निघाली नाही. परतताना त्यानं हळूच बायकोला विचारलं, "मंग पाहुण्यायले बारका कापाव का?"

"त्याले कापून काय कान वाढता?" विमलताई म्हणाली. विकतचं मटण आणावं तर हातातला पैसा अंगठीत आणि साडीत कधीच गेला होता, त्यामुळे विषय तिथंच संपला.

साखरपुड्याला पंगत बसली. पानावर वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी. गोविंदानं भाजी उलटीपालटी करून पाहिली.

"व्याही, बोकड कुठं हाये?"

उत्तर देवीलालनं घोकून ठेवलं होतं: रात्री लांडग्यानं नेला. छान होतं, कोणाचाच अपमान होत नव्हता. समोर दीपाचा चेहरा पांढरा पडला होता. गोविंदा मानावरून पंगतीतून उठणाऱ्यांपैकी होता, आणि तो उठला की सोयरीकही उठली असती. वरणाची बादली धरून देवीलाल उभा राहिला. लांडगा जिभेच्या टोकावर आला होता.

"देवाले देला," तो म्हणाला. "पयला होता. त्याचाच होता."

पंगतीतले हात थांबले.

"म्हंजे आमच्यापेक्षा तुमाले देव मोठा?"

देवीलालनं लेकीकडं पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला.

गोविंदानं एकदा देवीलालकडं, एकदा त्याच्या हातातल्या बादलीकडं पाहिलं. मग त्यानं पान पुढं सरकवलं.

"वाढा मंग वरण," तो म्हणाला. "सोयरीक मोठ्या घरची दिसते."