खलनायकांच्या तोंडची प्रार्थना

डोल्मानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "सर, इदु बेडा. हे नको. मी करणार नाही."

मैसूरच्या एका गेम स्टुडिओत मी वर्ल्ड डिझायनर आहे. म्हणजे गेममधले देश, देव, सणवार, माणसं काय खातात, मेल्यावर काय करतात, हे ठरवायचं. सगळंच मनातून येत नाही. खऱ्या लोकांचं थोडं थोडं उचलावं लागतं. या वेळी परदेशी क्लायंटला डोंगरातले क्रूर मांत्रिक हवे होते. मी बैलकुप्प्याला, जवळच्या तिबेटी वसाहतीत, दोन दिवस राहिलो. तिथल्या मठात फोटो काढले, एका म्हाताऱ्या लामांना विचारून पठण रेकॉर्ड केलं. गेमसाठी आहे म्हटल्यावर ते हसले, "मुलांना आवडेल." कसला गेम, ते मी सांगितलं नाही.

तो खोल आवाज मी मांत्रिकांच्या शापाला लावला. त्यावर ओठांच्या हालचाली बसवायचं काम डोल्माचं. आमची अ‍ॅनिमेटर, बैलकुप्प्यातच वाढलेली.

"का नको?"

"माणूस गेल्यावर हे म्हणतात. त्याला पुढची वाट सापडावी म्हणून. माझ्या आज्जीसाठी म्हटलं होतं."

बारा वर्षं हे काम करतोय. पण याचा अर्थ विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

बॉसच्या केबिनमध्ये गेलो. प्रकाश सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "शुक्रवारी डिलिव्हरी आहे. प्लेअरला काय कळतंय त्यातलं?"

"डोल्माला कळलं."

"ती एकटी."

"बैलकुप्प्यातली पोरंही गेम खेळतात, सर."

"मग तूच बोल क्लायंटशी."

कॉलवर क्लायंटच्या बाई म्हणाल्या, सगळ्या डेमोत तेवढंच तर अस्सल वाटतं. मी अर्धा तास समजावलं, घसा बसला. शेवटी त्यांच्या वकिलानं एकच विचारलं, "लेखी परवानगी आहे?"

नव्हती. दोन मिनिटांत ते पठण गेममधून काढायचं ठरलं.

पुढचे तीन दिवस मी एक खोटी भाषा बनवत बसलो. ती फिकी झाली, हे मलाही ऐकू येत होतं. मांत्रिकांच्या कफन्यांचा लामांसारखा रंगही बदलला. डिलिव्हरी एक आठवडा उशिरा गेली, बोलणी मीच खाल्ली.

रविवारी बसनं बैलकुप्प्याला गेलो आणि लामांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"पुसलं?"

"पुसलं."

"बरं," म्हणाले आणि वर्गावर निघून गेले. माफ केलं की नाही, कळलं नाही.

डोल्मानं दुसरी टीम मागून घेतली. आता ती मोटारींच्या शर्यतीचा गेम करते. भेटली की नीट बोलते, पण कामाचं काही दाखवत नाही.

परवानगी मी घेतली होती, असं अजूनही कधी कधी स्वतःला सांगतो. पण परवानगी आवाज घेण्याची होती, शाप देण्याची नव्हती. हल्ली कुठलीही गोष्ट उचलण्याआधी विचारतो, हे कोणासाठी म्हणतात? निम्म्या वेळा उत्तर ऐकून वही मिटावी लागते. काम दुप्पट झालंय.