भोक सरकतं, बुजत नाही

अक्काने उरलेला तुकडा पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिला आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिला. समोर दोनशे एकोणचाळीस तुकडे बसले होते, मधोमध एक भोक होतं आणि हा दोनशे चाळिसावा त्यात जायला तयार नव्हता. भोकाचा आकार एक, तुकड्याचा दुसराच. गेल्या एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अक्काचा धाकटा भाऊ लाकडी कोडी करायचा. पातळ प्लायवूडवर चित्र चिकटवायचं आणि पायाने चालवायच्या, बारीक पात्याच्या करवतीवर त्याचे नागमोडी तुकडे पाडायचे. आधी रेघ मारणं नाही, आराखडा नाही. पातं फिरेल तसं कोडं. सगळी गल्ली त्याला कोडेकर म्हणायची आणि आता तर कुरिअरवालाही त्याच नावाने हाक मारायचा. अक्काचं काम त्यापुढचं. प्रत्येक कोडं गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तिने एकदा जोडायचं, तेही चित्र न बघता, आणि किती वेळ लागला ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचं.

त्याआधी सव्वीस वर्षं ती बुटांच्या कारखान्यात जोड्या लावायच्या टेबलावर होती. डावा बूट उजव्याशी नुसता मापाने जुळून भागत नाही, चामड्याची छटा जुळावी लागते, टाके जुळावे लागतात. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा कोडेकर म्हणाला, "अक्का, तुझी नजर घरात बसून फुकट घालवू नकोस. माझ्याकडे ये. तिकडे जोड्या लावत होतीस, इकडे तुकडे लाव. फरक काय तो?"

फरक बराच होता. बूट कुणाला फसवत नाहीत. कोडेकराच्या तुकड्यांना एका बाजूला मुंडी असायची, दुसऱ्या बाजूला खोबण, आणि तो मुद्दाम पाच-सात मुंड्या अगदी एकसारख्या कापायचा. मग असा तुकडा चार ठिकाणी सारखाच चपखल बसायचा. अशा तुकड्यांना दोघं पाहुणे म्हणायची. कुठेही जा, हे आपलं घर असल्यासारखे बसून घेणार, आणि खरा घरचा आला की त्याला जागा नाही. पाहुणा कुठला ते कोडेकर सांगायचा नाही आणि अक्का विचारायची नाही. गिऱ्हाइकाजवळ विचारायला कोण असतं?

या वेळचं चित्र म्हणजे वरून पाहिलेला बाजाराचा चौक. छत्र्याच छत्र्या, मध्ये कारंजं आणि बाकी फरशी. वर-खाली असं काही नाहीच. पहिल्या दिवशी अक्काने नेहमीप्रमाणे सरळ कडेचे तुकडे वेगळे काढून चौकट लावली. चौकट लागली की निम्मं काम झालं, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोक पडलं. तिसऱ्या दिवशी तिने अकरा पाहुणे हुडकले आणि एकेकाला उठवून दुसरीकडे बसवलं. भोक कारंज्यावरून निळ्या छत्रीवर गेलं, तिथून फरशीत आलं आणि परत कारंज्याशी येऊन बसलं. सरकत होतं, बुजत नव्हतं. अक्काच्या डोक्याचा पार भुगा झाला.

एरवी ती हसून म्हणाली असती, की पठ्ठ्याने या वेळी पाणी पाजलं. पण या वेळी मामला निराळा होता.

कोडेकराचं लक्ष अलीकडे ठिकाणावर नसायचं. महिन्याभरापूर्वी दूध गॅसवर ठेवून तो फिरायला निघून गेला. दोनदा वरच्या मजल्यावरच्या लोकांची कडी वाजवून त्यांनाच "तुम्ही कोण?" म्हणून विचारून आला. त्याची सून दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. माणसं कशी बदलत जातात हे ती रोज बघत होती, त्यामुळे ती घाबरली. तिने शांतपणे अट घातली, "बाबा, ज्या दिवशी एक कोडं चुकलेलं निघेल, त्या दिवशी करवत बंद. आणि चुकलं की नाही ते आत्या सांगतील." कोडेकराने लगेच मान्य केलं. अक्काला कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासूनचं हे पहिलंच कोडं. रोज कामावरून आल्यावर सून दारातूनच विचारायची, "झालं का आत्या?"

"होतंय," अक्का म्हणायची.

होत नव्हतं. कोडं चुकलं असेल तर भावाचा हात गेला. कोडं बरोबर असेल तर आपलं डोकं गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि यातलं खरं कुठलं, हेच कळायला मार्ग नव्हता, कारण कोडेकराची लबाडी आणि कोडेकराची चूक बाहेरून हुबेहूब सारखीच दिसणार. चूक म्हणावी आणि ती लबाडी निघावी, तर धडधाकट माणसाची करवत आपण बंद केली. लबाडी म्हणून गप्प बसावं आणि उद्या त्याचं बोट पात्याखाली जावं, तर तेही पाप आपल्याच माथी.

चौथ्या दिवशी सकाळी तिने हात टेकले आणि भावाला हाक मारली.

"ये. बघ जरा."

कोडेकर हात पुसत आला. "विचारतेस? एकोणीस वर्षांत पहिल्यांदा."

"विचारत नाही. दाखवतेय."

"तेच ते." तो खुशीत हसला आणि टेबलावर वाकला. वाकलेलाच राहिला. त्याने भोक पाहिलं, उरलेला तुकडा पाहिला, परत भोक पाहिलं. हसू हळूहळू उतरलं. "हे मी कापलंय?"

"नाहीतर काय मी? रविवारी कापलंस. रेडिओ लावून."

"रेडिओ आठवतो." त्याने खुर्ची ओढली. आजवर त्या टेबलाशी तो कधी बसला नव्हता. "अक्का, यात काय केलंय ते मला आठवत नाहीये."

ज्याची तिला तीन दिवस धास्ती होती ते त्याने सहज सांगून टाकलं. उरलेला तुकडा त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "मग आता जोड. कळू दे लोकांना काय भोगायला लावतोस ते."

तो जोडायला लागला आणि दहा मिनिटांत रडकुंडीला आला. निळी छत्री उचलून त्याने कारंज्यात खुपसली. "बसतंय की."

"तो पाहुणा आहे."

"कशावरून?"

"काल तो फरशीतही बसला होता."

"हे असलं लोक विकत घेऊन करतात?"

"वर तुला पत्रं लिहून शाबासकी देतात."

कंटाळून तो मागे रेलला आणि चाळा म्हणून अंगठा चौकटीवरून फिरवू लागला. तासलेल्या फळीवरून सुतार फिरवतो तसा. उजव्या कडेवर अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा थांबला. त्याने डोळे मिटून तीच जागा चाचपली.

"अक्का, ही कड खरखरीत आहे."

"असेल."

"असेल कशी? कापायच्या आधी बाहेरच्या कडा मी पॉलिश पेपरने घासतो. आतल्या कापाला पेपर लागत नाही. ही कड सरळ आहे, पण बाहेरची नाही."

अक्काने हात पुढे केला. खरंच, तेवढा एक तुकडा बोटाला बारीक लागत होता. मग दोघांचे हात एकदमच उरलेल्या तुकड्याकडे गेले. त्याची एक बाजू गोल होती आणि ती गोलाई काचेसारखी गुळगुळीत होती.

तिने चौकटीतला सरळ तुकडा उपटला. तिच्या हातून लागलेली चौकट आजवर कधी मोडली गेली नव्हती. त्या जागी उरलेला तुकडा बसवला तर तो खटकन बसला आणि गोल बाजू चौकटीच्या बाहेर आली. एक छत्री बाजारातून बाहेर डोकावत होती. उपटलेला सरळ तुकडा कारंज्याच्या पायरीला लागला, चार पाहुणे आपापल्या घरी गेले आणि भोक बुजलं.

"चौकटच फोडलीस," अक्का म्हणाली.

"मी?" कोडेकर छत्रीकडे बघत होता. दुसऱ्या कुणाची करामत पाहावी तसा. "छान केलंय."

संध्याकाळी अक्काने सुनेला दोन्ही गोष्टी सांगितल्या. कोडं बरोबर आहे. आणि त्याला ते आठवत नव्हतं. सून पर्स खांद्यावरच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे मी काय समजायचं, आत्या?"

"मलाच कळलेलं नाही, तुला काय सांगू?"

"अट काय होती?" कोडेकर म्हणाला.

"चुकलेलं निघालं तर बंद."

"निघालं का?"

"नाही. पण बाबा, केलेलं आठवत नाही म्हणजे..."

"हाताला आठवतंय."

सूनबाईने बराच विचार केला आणि सांगितलं, की करवत चालू राहील, पण आत्या शेजारी बसलेल्या असतील तरच. यावर अक्काने विचारलं, की तो कापताना मी बघितलं तर मग तपासणार काय, डोंबल? शेवटी सूनच म्हणाली, "मी करीन." तिने आयुष्यात एकही कोडं जोडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून अक्काची खुर्ची करवतीजवळ आली. कोडेकर कापतो, ती बघते. कुठल्या मुंडीशी पातं घुटमळलं, कुठली मुंडी पुन्हा तशीच वळवली, सगळं दिसतं. परवा त्याने एक खोटा कोपरा कापला, म्हणजे दिसायला चौकटीचा कोपरा पण बसणार मधेच, तो तुकड्यांच्या ताटात टाकला आणि जेवायला उठला. जेवून आल्यावर ताटात बोट फिरवत त्याने विचारलं, "अक्का, मघाचा कोपरा यातला कुठला गं?"

तिने दाखवला. त्याने मान हलवली आणि पुढचं कापायला घेतलं. तो खरंच विसरला होता, की अक्कालाच तपासून बघत होता, हे काही तिला कळलं नाही.