पोसक्काच्या अंगणातली आग

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. जळालेल्या ट्रकची गोष्ट मात्र, माझं दुकान आहे त्या कोठीतल्या अख्ख्या बाजाराला पाठ आहे — सरकारनं अर्धीच भरपाई दिली, हे मी गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. "सेठ का ट्रक फिर निकला!" शेजारचे मियाँभाई हसतात. हसू देत. राग खरा आहे माझा. पण गोष्ट? ती मी अर्धीच सांगतो.

तेव्हा मी जंगलात तेंदूपानांचा ठेका घ्यायचो. परभणीहून रिकाम्या हातानं आलेला माणूस, भाव पाडून पाडून वर आलो. पानं तोडणाऱ्या बायकांची मुकादम पोसक्का. तिच्याकडूनही शेकड्यामागे चार पुडे फुकटात काढायचो. ती शिव्या द्यायची — आणि चहाही द्यायची.

एका दुपारी गावात वर्दीवाले आले. पोसक्कानं नक्षलवाद्यांना जेवू घातलं, असा त्यांना संशय. मी विहिरीआड दडलो. त्यांनी तिचं छप्पर पेटवलं — डोळ्यांनी पाहिलं मी. अंगणात उभा असलेला माझा पहिलावहिला ट्रकही त्यात गेला.

मग चौकशीला एक साहेब आले. वर्दीवाले होते, असं पोसक्कानं नीट सांगितलं. माझ्याकडे बोट केलं, "अन्नानं बघितलंय. विचारा त्याला."

मी आधीच सरकारी नियम विचारून ठेवला होता. नक्षलवाद्यांनी जाळलं असेल, तरच ट्रकची भरपाई.

मला कुणी धमकावलं? नाही. साहेबांनी सुचवलं? तेही नाही — ते तर पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मीच म्हणालो, नक्षलवादी होते, साहेब. ही बाई घाबरून काहीही बोलतेय.

ठेकेदाराचा शब्द, खाली सही. तिच्या तक्रारीवर 'खोटी' असा शेरा पडला. जाळणाऱ्यांना कुणी साधं बोलावलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती दुकानात आली. चौकशी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज आणला होता. मी फक्त खरं सांगायचं होतं. मी ओरडलो — दुकानात तमाशा नको! तिनं अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवला.

"अन्ना, ट्रकचे मिळाले ना तुला?" एवढंच विचारलं आणि पायऱ्या उतरली.

आग वर्दीवाल्यांनी लावली. पोसक्का खरं बोलत होती. सही करतानाही मला ते माहीत होतं.