देवाजी ढोरक्याचं अपील

दुपारी बाररूममध्ये डबे उघडले की किस्से निघतात. निकाल लागतो, फाइल रेकॉर्डला जाते, किस्सा मात्र वकिलाकडेच राहतो. वीस वर्षं गडचिरोलीत वकिली करते आहे, ढीग साठलाय. आज सांगते ते सगळे एकाच माणसाचे.

देवाजी चामोर्शीकडच्या एका गावचा ढोरकी. गावाची गुरं जंगलात चारायला न्यायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एका संध्याकाळी रस्त्यावर कुणीतरी एका बाईला विळा दाखवून तिची चेन हिसकावली. त्या माणसाच्या तोंडाला लाल दुपट्टा होता. दुसऱ्या दिवशी लाल दुपट्टेवाला देवाजी सापडला. चेन काही सापडली नाही. जबरी चोरीबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली, आणि मोफत कायदे मदतीतून त्याचं अपील माझ्याकडे आलं.

* * *

चंद्रपूरच्या जेलमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं, "घटनेच्या वेळी कुठे होता?"

"जंगलात."

"एकटेच?"

"नाई जी. चाळीस जण होते संगं."

मी खूश! एवढे साक्षीदार, आणि खालच्या कोर्टात एकही तपासला नाही. पेन काढलं. "नावं सांगा."

"कबरी, लाली, मोरी, चांदी..."

चौथं नाव लिहून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हसले. देवाजी हसला नाही.

"त्यायले माहीत आहे, बाई," म्हणाला.

* * *

अशा शिक्षेविरुद्ध अपील महिन्याभरात करावं लागतं. देवाजीचे अकरा महिने उलटले होते. उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज करायचा, त्यात कारण द्यायचं. आमची कारणं ठरलेली: आजारपण, नाहीतर निकालाची नक्कल उशिरा मिळाली.

"उशीर काऊन झाला?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"अपील करता येते म्हणून सांगणारं कोणी नव्हतं."

"अकरा महिन्यांत कोणीच भेटायला आलं नाही?"

"तुमी आल्या न."

मी तेच लिहिलं. जजसाहेबांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला आणि सरकारी वकिलांना विचारलं, "काही हरकत?" हरकत नव्हती.

* * *

युक्तिवादाच्या दिवशी त्याला जेलमधून व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओवर, घेतलं होतं. जजसाहेब म्हणाले, "देवाजी, काही सांगायचं आहे का?"

"साहेब, तो क्यामेरा खिडकीकडं फिरवा न जरा."

क्लार्कनं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "फिरवा."

खिडकीबाहेर मोहाचं झाड आहे. क्लार्कनं कॅमेरा तिकडे वळवला.

"फुलं धरली त्यानं," स्क्रीनवरून आवाज आला. "झालं साहेब. चालू द्या आता."

* * *

मग मी उभी राहिले. ओळख परेड झालेली नाही, बाईंनी चेहरा पाहिलेला नाही, पुरावा काय तर लाल दुपट्टा. "साहेब, या खोलीत लाल दुपट्टे किती आहेत, एकदा बघावं."

मागे बसलेल्या पक्षकारांच्या गळ्यात पाच निघाले. सहावा दारातल्या शिपायाच्या खांद्यावर. सरकारी वकील उन्हासाठी आणलेला आपला लाल दुपट्टा हळूच बॅगेत कोंबत होते.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "तुमचा मोजला नाही."

* * *

शिक्षा रद्द झाली. तो सुटणार त्या दिवशी मला जेलमध्ये आणखी दोन कैद्यांना भेटायचं होतं, म्हणून गेटवर थांबले. देवाजी एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. गडचिरोलीची एसटी आली. त्यानं जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली.

"गावाला जायचं नाही का, देवाजीभाऊ?"

"ढोरं दुसऱ्याकडं दिली म्हणते गावानं." कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "बाई, ते सरकारी वकील आता वर अपील करन का?"

"नाही करणार. घाबरू नका."

"पण करू शकते?"

"करू शकतात. हायकोर्टात."

"मंग मले पुन्हा वकील लागन."

"लागेल."

"तुमीच याल न?"

तिसरी गाडी आली. त्यानं पिशवी उचलली, चढला आणि खिडकीतून म्हणाला, "सरकारी वकिलायले म्हणा, करा अपील."