एकशे ब्याण्णव पानावरचा उलटा खिळा

छापखान्यात एक बरं असतं. पुस्तक छापून झालं की शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, सोडायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. किस्स्यांना असे खण नसतात. ते साठतच जातात.

सांगलीतल्या आमच्या छापखान्यात शाळा-कॉलेजची पुस्तकं व्हायची. थोरला भाऊ शामू जुळारी. शिशाचे खिळे एकेक वेचून तो पानं जुळवायचा. मी मशीनवर. दादा आता नाही. तरी त्याच्या जागेजवळून जाताना मी अंग चोरतो. उगाच त्याला धक्का लागायचा!

*

मी दुसरीतूनच शाळेला रामराम ठोकला. अक्षरं दादानं शिकवली, तीही खिळ्यांवर. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. त्यामुळं मला जुळवलेलं पान वाचता येई, छापलेलं नाही!

एकदा आईनं मामाचं पत्र वाचायला दिलं. मी ते पालथं करून उन्हात धरलं आणि मागच्या बाजूनं घडाघडा वाचलं.

"शामू, ह्याला परत शाळंत घाल रं," आई घाबरून म्हणाली.

"घालतो की. मास्तरला तेवढं फळ्याच्या मागं उभा करू!"

*

भूगोलाचे प्रोफेसर मगदूम म्हणजे चुकांचे वैरी. प्रूफ परत यायचं ते तांबड्या शाईनं माखून. तिसऱ्या प्रुफालाही त्यांनी अख्खा परिच्छेद बदलला, तेव्हा दादा वैतागला.

"सर, कृष्णाबाई एवढी वळणं घेत न्हाई, तेवढी तुमी एका ओळीत घेता!"

"कृष्णेला छापायला जायचं नसतं, शामराव!"

*

लढाईच्या दिवसांत कागद मिळेना. आमचे मालक आण्णा परमिटासाठी साताऱ्याला गेले. कचेरीतला साहेब म्हणाला, "नवा भूगोल कशाला हवा? जुना काय वाईट आहे?"

आण्णा म्हणाले, "साहेब, लढाई चाललीय. सरहद्दी रोज हलत्यात. जुना चालंल कसा?"

परमिट मिळालं! पण कागद पुरला अकराच फर्म्यांना. फर्मा म्हणजे सोळा पानं. बारावा, शेवटचा फर्मा जुळवून, सुतळीनं बांधून ठेवायचा ठरला.

*

त्यातलं शेवटचं पान दादानं तापात जुळवलं. आण्णा म्हणाले, "शामू, घरला जा."

"एवढं पान उरकतो. उद्या कुणी बघितलाय?"

हसून म्हणाला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आठ दिवसांत विषमज्वरानं गेला.

कागद आला की ते पान छापायचं, आणि छापलं की दादानं लावलेले खिळे सोडायचे. आण्णा रोज विचारत, "कागद आला काय रं?" मी "न्हाई" म्हणायचो आणि मला बरं वाटायचं.

एकदा खिळे कमी पडले म्हणून गणपा जुळारी त्या पानाची सुतळी सोडायला गेला. मी त्याची मानगूटच धरली!

आण्णा ओरडले, "सोड त्याला! आधीच खिळे न्हाईत, आता जुळारी बी ठिवू नगंस!"

*

शेवटी कागद आला. छापून निघालेला पहिलाच ताव प्रोफेसरांनी उचलला. पान एकशे ब्याण्णव, ओळ सातवी. एक अक्षर डोकं खाली, पाय वर! प्रुफात त्यांच्याही नजरेतून सुटलं होतं.

"मशीन थांबव. एक खिळा तर फिरवायचा. मिनिटाचं काम."

मी मशीनला आडवा झालो. "दादानं लावलंय तसंच छापणार. कुणी हात लावला तर मी माझा हात मशीनमधी घालीन!"

प्रोफेसरांनी चष्मा काढून खिशात घातला.

"मला काही दिसलं नाही," म्हणाले.

छपाई झाल्यावर ते पान मीच सोडलं. दादाला पाव तास लागला असता. मला सकाळची दुपार झाली.

*

शाळा सुरू झाल्या आणि प्रोफेसरांना कार्डं यायला लागली. कुठं पोरांची, कुठं मास्तरांची. कवठे महांकाळच्या एका मास्तरांनी तर पट्टीनं रेघा मारून लिहिलं होतं: 'पान १९२, ओळ ७, एक अक्षर उलटे पडले आहे.' प्रोफेसर छापखान्यात येऊन प्रत्येक कार्ड मला वाचून दाखवायचे. मी म्हणायचो, "सर, परत एकदा वाचा."

पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली. शेवटचं पान गणपानं जुळवलं. सगळी अक्षरं सरळ.

प्रोफेसरांकडून प्रूफ परत आलं. एकशे ब्याण्णव पानावर एकही चूक नव्हती. फक्त सातव्या ओळीत एका अक्षराभोवती तांबडं वर्तुळ, आणि समासात लिहिलेलं:

'उलटे करावे.'